नारळ कधी द्यायचा?

मराठीत एखाद्याला कामावरून दूर करायचे असले की त्याला नारळ देतात. निरोपसमारंभात शालीबरोबर देतात तोही नारळच. तिथे त्याला श्रीफळ म्हणतात आणि फोटो काढतात. खेळाच्या पानांनी या शब्दसंपत्तीत आणखी दोन शब्दांची भर घातली. एक डच्चू, हा तसा प्रामाणिक शब्द. दुसरा विश्रांती. दमलेल्या माणसाने मागून घेतली तर ती खरी विश्रांती. न मागता मिळाली तर तिचा अर्थ काय, हे खेळाची पाने वाचणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही.

खडकीच्या धनराज पिल्लेला अशी विश्रांती १९९९च्या सुरुवातीला मिळाली. त्याच्या काही आठवडे आधी, डिसेंबर १९९८मध्ये, बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने दक्षिण कोरियाला अंतिम सामन्यात हरवले होते. सामना १-१ असा सुटला आणि गोलरक्षक आशिष बल्लाळच्या जोरावर भारताने पेनल्टी स्ट्रोकवर ४-२ असा जिंकला. हॉकीतले हे आशियाई सुवर्ण ३२ वर्षांनी आले होते. त्याआधीचे १९६६चे, तेही बँकॉकमध्येच मिळालेले. कर्णधार होता धनराज. गोल करणाऱ्यांतही त्याचे नाव सर्वांत वर होते. देशात हारतुरे झाले, आणि मग पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेसाठी संघ जाहीर झाला तेव्हा त्यात धनराज नव्हता, बल्लाळ नव्हता, आणखीही काही ज्येष्ठ नव्हते. प्रशिक्षक महाराज किशन कौशिकही गेले. महासंघाने सांगितले, ज्येष्ठांना विश्रांती दिली आहे. खेळाडू भत्त्यांविषयी, सोयींविषयी मोठ्याने बोलू लागले होते आणि के. पी. एस. गिल यांच्या महासंघाला ते रुचले नव्हते, हे बाकी सगळ्यांनी आपापले समजून घेतले.

धनराजचे वय तेव्हा ३० होते. आघाडीच्या फळीतल्या हॉकीपटूची तिशी ही खरोखरच विचार करायला लावणारी वेळ. पहिल्या पाच पावलांचा वेग हे त्याचे भांडवल असते आणि नेमके तेच आधी आटते. तेव्हा प्रश्न गैर नव्हता. प्रश्न कुणी, कुठल्या हिशेबाने विचारला आणि उत्तर कुणाला सांगितले, एवढेच बघायचे.

जगात दुसरीकडे हा हिशेब उघड मांडला जातो. कॅनडा-अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीत संघ आपला खेळाडू दुसऱ्या संघाला देतो आणि बदल्यात दुसरे खेळाडू, पुढच्या वर्षीच्या नवोदितांवरचा हक्क किंवा रोकड घेतो. ९ ऑगस्ट १९८८ रोजी एडमंटन ऑयलर्सने वेन ग्रेट्स्कीला लॉस एंजेलिसला देऊन टाकले. व्यवहारात दीड कोटी डॉलर रोख होते. कॅनडातल्या एका खासदाराने सरकारने हा सौदा थांबवावा अशी मागणी केली. ग्रेट्स्की म्हातारा मुळीच नव्हता. २७ वर्षांचा होता, पण मालकाला पैसा हवा होता. वय झालेल्याचे उदाहरण हवे तर बॉस्टनच्या रे बोर्कचे घ्यावे. दोन दशके एकाच संघातून खेळला, चषक एकदाही मिळाला नाही. मार्च २०००मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी, बॉस्टनने त्याला कोलोराडोला जाऊ दिले. जून २००१मध्ये तिथे त्याला स्टॅन्ली चषक मिळाला आणि तो निवृत्त झाला. तो चषक घेऊन बोर्क बॉस्टनला आला तेव्हा हजारो लोक जमले, दुसऱ्या गावाच्या विजयाला टाळ्या वाजवायला.

खेळाडू एक वर्ष उशिरा विकण्यापेक्षा एक वर्ष आधी विकलेला बरा, हे तत्त्व बेसबॉलमधल्या ब्रँच रिकी या व्यवस्थापकाच्या नावावर सांगितले जाते. त्यामागे सरळ बाजारबुद्धी आहे. बैल थकला हे शेजाऱ्याला दिसायच्या आत बाजारात नेला पाहिजे. एकदा दिसले की किंमत पडते. ऐकायला क्रूर वाटते, पण या पद्धतीत निदान कुणीतरी कागदावर मांडलेले असते की या माणसाने काय दिले, अजून किती देईल, आणि तो गेला तर आपल्या हातात काय येईल.

पुण्यात हॉकी वाढली तिथे असा कागद नव्हता. तिथे होते भरतीपत्रक.

खडकीला इंग्रज किर्की म्हणत. १८१७मध्ये पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली ती इथेच. मग छावणी आली, १८६९मध्ये दारूगोळ्याचा कारखाना आला, बॉम्बे सॅपर्सचे ठाणे आले, आणि विसाव्या शतकात डेपो, वर्कशॉप आणि आणखी कारखाने. छावणीबरोबर गोऱ्या पलटणींची हॉकी आली आणि कारखान्यांबरोबर तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी बोलणारी कामगार कुटुंबे. पुण्याच्या पेठांनी क्रिकेट उचलले. हॉकी उचलली ती खडकीने आणि कॅम्पाने. पेठेतल्या माणसाला खडकी आजही थोडी लांबच वाटते, आणि पुण्याच्या क्रीडा इतिहासात हॉकीच्या वाट्याला पाने कमी येतात ती बहुधा याच अंतरामुळे.

धनराजचे वडील नागलिंगम ऑर्डनन्स फॅक्टरीत मैदानाची देखभाल करत. आई अंदालम्मा. धनराज चौथा मुलगा, जन्म १६ जुलै १९६८. फॅक्टरीच्या वसाहतीतल्या धुळीच्या मैदानात, मोडक्या स्टिका जोडून आणि टाकून दिलेल्या चेंडूंनी ही भावंडे खेळली. अशा मैदानावर चेंडू स्टिकपासून सुटला की कुठे उडेल याचा भरवसा नसतो, म्हणून पोरे तो सुटूच देत नाहीत. धनराजचा चेंडू स्टिकला चिकटलेला दिसायचा, त्याचे मूळ कुठे असेल ते या धुळीत शोधावे. ऑलिंपिकची हॉकी १९७६च्या माँट्रियलपासून कृत्रिम गवतावर गेली होती. म्हणजे धनराज आठ वर्षांचा होता तेव्हाच त्याचे मैदान जुने झालेले होते.

आता या मैदानावरून पुढे जायचे कसे? मालक नाही, सौदा नाही, बोली नाही. होत्या त्या नोकऱ्या. सेनादल, रेल्वे, पोलीस, विमान कंपन्या, बँका, खत कारखाने आणि मोटारींचे कारखाने यांचे संघ असत आणि खेळाडू त्यांच्याकडे खेळाच्या कोट्यातून लागत. संघ बदलायचा म्हणजे नोकरी बदलायची. ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायचे, नव्या ठिकाणी रुजू व्हायचे. निर्णय घरात होई: पगार किती, क्वार्टर मिळेल का, फंड कापतात का, पुढे बढती आहे का. धनराजचा थोरला भाऊ रमेश मुंबईला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्समध्ये लागला, मुंबईची लीग खेळला, भारताकडूनही खेळला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात त्याने धाकट्याला मुंबईला नेले. तिथे जोकिम कार्व्हालोंनी त्याला महिंद्राच्या संघात संधी दिली. १९८९च्या अखेरीस दिल्लीत झालेल्या आशिया चषकात धनराज भारताकडून खेळला. पुढे महिंद्रा सोडून इंडियन एअरलाइन्स. एवढीच त्याची देशातली अदलाबदल, दोन नेमणूकपत्रांची.

पुणे हे असे हॉकीपटू घडवून बाहेर पाठवणारे गाव होते. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाची कर्णधार एलायझा नेल्सन पुण्यात जन्मलेली, नोकरी मात्र रेल्वेत. अथेन्स ऑलिंपिक खेळलेला मधल्या फळीतला विक्रम पिल्लेही पुण्याचाच. मैदान इथले, हजेरीपट दुसऱ्याचा.

या नोकरीपद्धतीत वय झालेल्या खेळाडूचे काय होई? काहीच होत नसे, हेच तिचे वैशिष्ट्य. त्याला विकता येत नाही, कारण तो संघाचा नव्हे, आस्थापनेचा माणूस. काढता येत नाही, कारण सेवानिवृत्तीला अजून पंचवीस वर्षे आहेत. तो धावू शकतो तोवर धावतो, मग संघाचा व्यवस्थापक होतो, मग कार्यालयात टेबल मिळते. कुटुंबाच्या दृष्टीने याहून चांगली सोय नव्हती. ग्रेट्स्कीच्या सौद्यावर हळहळणाऱ्यांनी हीही बाजू पाहावी. अडचण एवढीच की ज्याला विकायचे नाही त्याचे मोल कुणी करत नाही. क्लबाच्या पातळीवर हे चालून गेले. देशाच्या संघात सोळा-अठरा जागा असतात, तिथे कुणाला तरी ठरवावेच लागते, आणि ठरवणाऱ्यांच्या हातात वहीच नव्हती. वही नसली की मर्जी चालते.

मर्जीचा हा खेळ पुण्याने हॉकीच्याही आधी, क्रिकेटमध्ये पाहिलेला आहे. प्रा. दि. ब. देवधर स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवत. १९२६मध्ये आर्थर गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी १४८ धावा काढल्या. १९३२मध्ये भारताचा पहिला अधिकृत कसोटी संघ इंग्लंडला निघाला तेव्हा देवधर ४० वर्षांचे होते. वय झाले म्हणून त्यांना वगळले गेले. ज्यांचे वय झाले होते त्या देवधरांनी पुढे १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे महाराष्ट्राला रणजी करंडक जिंकून दिला, तोही कर्णधार म्हणून. दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या, पन्नाशीला टेकलेले असताना. १९४४मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतके. रणजी सामने ते १९४६पर्यंत खेळत राहिले.

त्याच संघातल्या विजय हजारेंची गोष्ट याच्या अगदी उलट. १९३९-४०मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. वर्षा-दोन वर्षांत हजारे बडोदा संस्थानच्या चाकरीत होते आणि बडोद्याकडून खेळत होते. ज्याने आपल्याला फोडून काढले त्यालाच कामावर ठेवायचे, हे संस्थानिकांना बरोबर कळत होते. आजच्या भाषेत ती खरेदीच. फक्त महाराष्ट्राला बदल्यात काही मिळाले नाही.

देवधरांविषयी लिहिताना ‘ते’ म्हणावे लागते आणि धनराजविषयी सहज ‘तो’ येते. मराठीची ही गंमत आहे. खेळणारा माणूस कितीही मोठा असो, मैदानावर असेपर्यंत तो ‘तो’ असतो. देवधर पन्नाशीत खेळत असताना प्राध्यापकही होते, म्हणून सुटले. धनराजला ‘ते’ म्हणायला लोक फार उशिरा तयार झाले, कारण तो मैदान सोडायला तयार नव्हता.

तर ही विश्रांती. महासंघाने ज्याला १९९९मध्ये बाजूला केले तो त्याच वर्षी परत संघात आला, कारण त्याच्यावाचून भागेना. २०००चे सिडनी तो खेळला. तिथे पोलंडविरुद्धच्या गटसामन्यात भारत १-० असा पुढे होता. शेवटच्या दोन मिनिटांत पोलंडने बरोबरी साधली आणि उपांत्य फेरी हुकली. २००२मध्ये कोलोनच्या चँपियन्स करंडकात भारत चौथा आला, पण स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला ३४ वर्षांचा धनराज. सप्टेंबर २००३मध्ये क्वालालंपूरला पाकिस्तानला ४-२ असे हरवून भारताने पहिल्यांदा आशिया चषक जिंकला. कर्णधार पुन्हा तोच, वय ३५.

म्हणजे १९९९चा निर्णय निदान साडेचार वर्षे आधीचा होता. रिकी म्हणतो ते एक वर्ष आणि हे साडेचार, यात तत्त्वाचा नव्हे, हेतूचाच फरक.

धनराजला ही वर्षे मिळाली यात नियमांचाही वाटा आहे, आणि तो सहसा कुणी सांगत नाही. नव्वदच्या दशकात हॉकीत खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करण्याची मुभा आली. पूर्वी आघाडीचा खेळाडू ७० मिनिटे पळे. आता सहा-सात मिनिटे जीव तोडून धावायचे, बाकावर येऊन श्वास घ्यायचा, परत जायचे. त्याच दशकाच्या उत्तरार्धात ऑफसाइड गेले. बचावपटूंच्या पाठीमागची मोकळी जागा आघाडीच्या खेळाडूला खुली झाली. तिशी ओलांडलेल्या पण चेंडू अजून चिकटवून ठेवणाऱ्या माणसाला याहून चांगले काय हवे? प्रशिक्षकाने त्याला नेमका वापरला तर तो ३५व्या वर्षीही सामना फिरवू शकत होता. आणि नेमका वापरायचा म्हणजे मोजायचे: कुणाविरुद्ध किती मिनिटे, कुठल्या टप्प्यावर.

अथेन्सला हे मोजमाप झाले नाही. २००४च्या ऑलिंपिकच्या अगदी तोंडावर महासंघाने प्रशिक्षक राजिंदर सिंग यांना हटवून जर्मनीचे गेरहार्ड राख यांना आणले. राजिंदर यांच्या हाताखाली २००१मध्ये होबार्टला कनिष्ठ गटाचा विश्वचषक जिंकलेली पोरे, गगन अजित सिंग, दीपक ठाकूर, प्रभज्योत सिंग, आता आघाडीच्या फळीत होती. कर्णधार दिलीप तिर्की. ३६ वर्षांचा धनराज सोळांत होता आणि बराच वेळ बाकावर होता. दोन्ही बाजू मांडता येतात. पोरे तयार होती, त्यांना जागा द्यायलाच हवी होती. या मुद्द्यात चूक काढता येत नाही. पण मग त्याला नेलेच कशाला? सोळा जणांच्या संघात शोभेसाठी जागा नसते. ठेवायचे तर खेळवायचे, खेळवायचे नाही तर घरी सांगून मोकळे व्हायचे. महासंघाने तिसराच मार्ग काढला, आणि तो दोन्हीपेक्षा वाईट होता. भारत सातवा आला.

एकाच माणसाच्या बाबतीत निर्णय एकदा फार लवकर झाला आणि एकदा झालाच नाही. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चँपियन्स करंडक आणि चार आशियाई स्पर्धा खेळलेला हा एकमेव खेळाडू. ३३९ आंतरराष्ट्रीय सामने. चार ऑलिंपिकमधले भारताचे क्रमांक अनुक्रमे सातवा, आठवा, सातवा, सातवा. २००७मध्ये संदीप मिश्रा यांनी लिहिलेले त्याचे चरित्र आले, ‘फरगिव्ह मी अम्मा’. शीर्षकात माफी आईकडे मागितली आहे. महासंघाच्या वतीने कुणी कुणाची मागितल्याचे ऐकिवात नाही.

मधल्या काळात परदेशी क्लबांनी त्याची किंमत केली होती, हे विसरून चालणार नाही. लंडनचे इंडियन जिमखाना, फ्रान्सचे लियॉन, जर्मनीचे श्टुटगार्ट किकर्स, मलेशियातले बँक आणि टेलिकॉमचे संघ, ढाक्याचे अबाहनी. एका हंगामाचा करार, ठरलेले पैसे, संपले की नमस्कार. तिथे विश्रांती हा शब्द लागत नव्हता.

भारतातच असा बाजार उभा करायचा पहिला प्रयत्न २००५च्या सुरुवातीला झाला, प्रीमियर हॉकी लीगच्या रूपाने. हैदराबाद सुलतान्स, शेर-ए-जालंधर, बंगळूर, चेन्नई आणि मराठा वॉरियर्स. मराठा वॉरियर्सचा कर्णधार धनराज. खडकीतल्या तमिळ घरातला मुलगा मराठ्यांचा सेनापती झाला याचे खडकीत कुणाला नवल वाटले नसेल. लीग चार हंगाम चालली आणि मिटली.

मग २०१२मध्ये वर्ल्ड सीरीज हॉकी आली. या वेळी खुद्द पुण्याच्या नावाचा संघ होता, पुणे स्ट्रायकर्स, मैदान बालेवाडीचे. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या त्या संकुलात लीगची हॉकी आली आणि पुणे अंतिम फेरीपर्यंत गेले. २ एप्रिलला मुंबईत शेर-ए-पंजाबने त्यांना ५-२ असे हरवले. धनराज या स्पर्धेत होता, वयाच्या ४३व्या वर्षी, पण पुण्याकडून नव्हे. तो कर्नाटक लायन्सच्या वेशात होता. पुण्यात हॉकीची खुर्ची मांडली गेली तेव्हा घरचा माणूस शेजारच्या पंगतीत बसलेला. स्पर्धेचा दुसरा हंगाम झालाच नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचे आणि कुणाला सोडायचे या यादीची वेळच आली नाही.

तोवर पुण्यात दुसऱ्या खेळांत ही यादी करण्याची सवय लागू लागली होती. जानेवारी २०११च्या आयपीएल लिलावात सौरव गांगुलीला कुणी घेतले नाही. मे महिन्यात पुणे वॉरियर्सने जखमी आशिष नेहराच्या जागी त्याला आणले, २०१२मध्ये कर्णधार केले, आणि पुणे शेवटचे आले. त्या वर्षअखेरीआधी गांगुली निवृत्त झाला. हा व्यवहार क्रिकेटचा कमी आणि नावाचा जास्त होता, असे म्हणायला हरकत नाही. पण नावालाही बाजारभाव असतो आणि तो इथे उघडपणे मोजला गेला.

महेंद्रसिंह धोनीचे प्रकरण जास्त बोलके. डिसेंबर २०१५मध्ये नव्या पुणे संघाने पहिल्याच निवडीत त्याला साडेबारा कोटींना घेतले. २०१६मध्ये आठ संघांत पुणे सातवे. फेब्रुवारी २०१७मध्ये, लिलावाच्या आदल्या दिवशी, ३५ वर्षांच्या धोनीचे कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथला दिल्याचे जाहीर झाले. गहजब झाला. पण बघण्यासारखी गोष्ट अशी की धोनी संघातच राहिला, यष्टीमागे उभा राहिला, आणि पुणे अंतिम सामन्यात पोचले. मुंबईने १२९ केल्या, पुण्याच्या १२८ झाल्या. एका धावेने गेलेल्या त्या चषकामुळे निर्णय बरोबर होता की चूक हे पुणेकर आजही कट्ट्यावर ठरवत बसतात. पुढच्या वर्षी धोनी चेन्नईला परतला, पुन्हा कर्णधार झाला आणि आयपीएल जिंकला. म्हणजे ३५व्या वर्षी एका संघाने उतरवलेला माणूस ३६व्या वर्षी दुसऱ्याने चढवला, आणि दोघांचेही आपापल्या जागी खोटे ठरले नाही.

सगळ्यांत स्वच्छ हिशेब मात्र कबड्डीने केला. २०२२च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणचा फझल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना घेतला. प्रो कबड्डीतला नावाजलेला बचावपटू, तिशीला आलेला. त्याला कर्णधार केले आणि डिसेंबरमध्ये पलटण पहिल्यांदाच अंतिम फेरीत गेली. जयपूरने ३३-२९ असे हरवले. इथे भावनेचा संघ काय करील? ज्याने इथवर आणले त्याला ठेवील. पलटणने त्याला सोडले. गुजरातने त्याच्यावर १ कोटी ६० लाख लावले, म्हणजे बाजाराच्या मते भाव उतरलेला नव्हता, चढलेला होता. पलटणने २ कोटी ३५ लाख देऊन दुसरा इराणी बचावपटू आणला, मोहम्मदरेझा शादलू, वय २३. कर्णधारपद तरुण अस्लम इनामदारकडे दिले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरयाणा स्टीलर्सना २८-२५ असे हरवून पुणे पहिल्यांदा विजेते झाले.

लागलीच पुढच्या लिलावाआधी पलटणने शादलूलाही जाऊ दिले. तो म्हातारा झाला नव्हता, २४चा होता. हरयाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना उचलले. त्या हंगामाचा अंतिम सामना २९ डिसेंबर २०२४ला झाला तो बालेवाडीतच. हरयाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवले आणि पुण्याने सोडलेल्या शादलूने पुण्याच्याच प्रेक्षकांसमोर चषक उचलला. बॉस्टनमध्ये बोर्कसाठी जमली तशी गर्दी त्याच्यासाठी जमणे शक्य नव्हते. एका हंगामाच्या पाहुण्याला गाव किती जीव लावणार?

त्याच २०२४च्या ऑक्टोबरमध्ये, सात वर्षे बंद पडलेल्या हॉकी इंडिया लीगचा लिलाव दिल्लीत झाला. हरमनप्रीत सिंगला सूरमा क्लबने ७८ लाखांना घेतले. पुरुषांचे संघ आठ होते: दिल्ली, उत्तर प्रदेश, पंजाबचे सूरमा, बंगाल, ओडिशाचे कलिंगा, विशाखापट्टणमचे गोनासिका, हैदराबाद आणि तमिळनाडू. महाराष्ट्राचा एकही नाही. खडकीच्या मैदानावर आज एखादा पोरगा चेंडू स्टिकला चिकटवून पळत असेल, तर त्याच्यावर बोली लावायला घराजवळचे कुणी नाही. त्याचे आडनाव पिल्ले असले, तर निदान तमिळनाडूच्या संघाने त्याला आपला म्हणून बघायला हरकत नाही.